उन्हाळ्यात तळ्याकाठी चाला, आणि दिसेल ते लिहून ठेवा

मे महिन्यात होटगीत दुपारी बारानंतर रस्त्यावर कुत्रेसुद्धा दिसत नाही. पत्र्याच्या घरात बसवत नाही, बाहेर झाडाखाली जावे तर झळा लागतात. सोलापूरचा पारा ४२-४३ अंशांवर जाणे ही आपल्याकडे बातमी राहिलेली नाही. अशा दिवसांत आरोग्याच्या पानावर "तळ्याकाठी चाला आणि पाखरांची नोंद ठेवा" असे लिहिले, तर वाचकांना थट्टा वाटेल. आमच्या वस्तीतल्या एका आजीने तर तोंडावरच सुनावले, "पोटाला धड नाही, आणि निघाले पाखरं मोजायला!"

आजीचे बोलणे आम्ही हसण्यावारी नेले नाही. वस्तीत पाणी, संडास, दवाखाना, रोजगार असे शंभर प्रश्न असताना ही पाखरे कशाला, हा प्रश्न रास्त आहे. गेल्या उन्हाळ्यात आम्ही वस्तीतली बारा-तेरा माणसे होटगीच्या तळ्याभोवती वही घेऊन चाललो. त्यात विड्या वळणाऱ्या बाया होत्या, मागावरचे एक निवृत्त कामगार होते, आशाताई होत्या आणि शाळेतली मुले होती. त्या चालण्यातून आमचे जे मत बनले, ते इथे मांडतो. आजीला द्यायचे उत्तरही त्यातच आहे.

पहिली फेरी, आणि आमची चूक

पहिल्यांदा निघालो तो एप्रिलचा शेवटचा रविवार. सकाळी लवकर निघायचे ठरले होते. पण बायांचे पाणी भरणे, स्वयंपाक, धुणे उरकेपर्यंत नऊ वाजले. "आता निघालोच आहोत तर जाऊन येऊ" म्हणून गेलो. तळ्याचे पाणी आटून मागे सरकले होते. काठाला भेगाळलेला गाळ, पुढे मुरमाड माळ, सावलीला इकडेतिकडे बाभळी. साडेदहाच्या सुमारास आमच्यातल्या एका ताईला गरगरायला लागले. डोके ठणकत होते, मळमळत होते, अंग घामाने चिंब होते. आशाताईंनी त्यांना बाभळीखाली बसवले, ओढणी भिजवून मानेवर आणि डोक्यावर ठेवली, मीठ-साखरेचे पाणी घोटघोट पाजले. अर्ध्या तासाने ताई सावरल्या.

नंतर बोलता बोलता कळले, की ताई सकाळपासून पाण्याचा घोटही प्यायल्या नव्हत्या. का? "बाहेर जायचं तर पाणी कमीच पिते. मध्येच लघवीला लागली तर जायचं कुठं?" हे एका ताईचे नाही. आपल्या वस्तीतल्या निम्म्या बायांचे हेच आहे. संडास लांब, रांग मोठी, अंधार पडला की भीती. म्हणून पाणीच तोडायचे. मग लघवीची जळजळ, मूतखडे, आणि उन्हाळ्यात असे गरगरणे. ही गोष्ट दवाखान्यात ताईंनी कुणाला सांगितली नव्हती. तळ्याकाठी बाभळीखाली बसल्यावर सांगितली.

त्या दिवशी चूक आमची होती. नऊला निघणे चूक, पाण्याची एकच बाटली नेणे चूक, बायांसाठी आडोशाची सोय पाहून न ठेवणे ही सर्वांत मोठी चूक. चांगल्या हेतूने केलेली गोष्टही नीट केली नाही तर अंगावर येते.

दुसरी फेरी : बुद्ध पौर्णिमेची पहाट

दुसऱ्या वेळी आम्ही बुद्ध पौर्णिमेच्या पहाटे साडेपाचला निघालो. प्रत्येकाजवळ पाण्याची बाटली, डोक्याला रुमाल. आडोशाची जागा आदल्या दिवशीच पाहून ठेवली होती. आठच्या आत परत आलो, अंघोळ करून पांढरी वस्त्रे घालून विहारात वंदनेला बसलो. मग खीर. त्या दिवशीची खीर नेहमीपेक्षा गोड लागली असे मुले म्हणाली.

नववीतल्या एका मुलीकडे वही होती. तिने २८ प्रकारचे जीव लिहिले. उथळ पाण्यात लांब लाल पायांचे शेकाटे. गाळात चोच खुपसणारे शराटी. बगळे, ढोकरी, पाणकावळे. मधोमध बुडी मारून भलतीकडेच वर येणारी टिबुकली. हळदी-कुंकू बदकांची जोडी. काठाच्या मातीच्या भिंतीत बिळे करून राहणारे वेडे राघू. तारेवर कोतवाल, बाभळीत सातभाईंचा गोंगाट, बोरीच्या झुडपातून निघून पळालेले मुंगूस, आणि मान लाल झालेला सरडा. मान लाल म्हणजे तो माणसाचे रक्त पितो, असे मुलांना कुणीतरी सांगितले होते. खरी गोष्ट अशी, की विणीच्या दिवसांत नर सरड्याचे डोके आणि गळा लाल होतो. तो किडे खातो. माणसाच्या रक्ताशी त्याचा काही संबंध नाही.

सगळ्यात मोठा धडा टिटवीने दिला. आम्ही माळावरून जात असताना ती डोक्यावर घिरट्या घालून ओरडू लागली. एक काकू म्हणाल्या, "टिटवी ओरडली, काहीतरी वाईट होणार." आम्ही थांबून पाहिले, तर आठ-दहा पावलांवर उघड्या मुरमात, खड्यांसारखीच दिसणारी चार अंडी. ती आपल्याला शाप देत नव्हती. "माझ्या अंड्यांवर पाय देऊ नका" म्हणत होती. आम्ही मागे सरलो, लांब बसून राहिलो. थोड्या वेळाने ती पाण्याकडे गेली, पोट भिजवून आली आणि अंड्यांवर बसली. कडक उन्हात अंडी शिजू नयेत म्हणून टिटवी पोटाची पिसे पाण्यात भिजवून आणते. आशाताई लगेच म्हणाल्या, "बघा, मागच्या खेपेला मी ओल्या ओढणीने तेच केलं!"

एका सकाळी एक अपशकुन गेला आणि ऊन लागल्यावरचा पहिला उपचार मुलांच्या कायमचा ध्यानात राहिला. भाषणाने हे झाले नसते.

पाखरांकडून उन्हाचा धडा

पाखरांना घाम येत नाही. म्हणून उन्हाळ्यात कावळा, साळुंकी, कोंबडी चोच उघडी ठेवून बसलेली दिसते. तोंडातल्या ओलाव्याची वाफ होऊन त्यांचे अंग थंड होते. चोच उघडी ठेवलेला कावळा दिसला, की समजावे, आता माणसानेही सावलीत जावे. पाखरे पहाटे आणि संध्याकाळी चरतात, अकरा ते चार झाडात गप्प बसतात. उन्हाचे हे वेळापत्रक त्यांनी पाळले नाही तर ती मरतात.

माणसाला घाम येतो. ती आपली मोठी सोय आहे. पण घामातून पाणी आणि मीठ दोन्ही जाते. ते भरून काढले नाही तर गरगरणे, पोटऱ्यांत गोळे, उलटी. पुढे घाम थांबतो, अंग भट्टीसारखे तापते, माणूस बरळू लागतो किंवा शुद्ध हरपते. हा उष्माघात. इथे घरगुती उपायावर बसून राहायचे नाही. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि लगेच १०८ ला फोन करा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका, ते फुप्फुसात जाते.

आमचे दुखणे एवढेच, की पाखरू अकरा वाजता सावलीत बसू शकते. वीटभट्टीवरचा, रस्त्याच्या कामावरचा, हमाली करणारा आपला माणूस बसू शकत नाही. म्हणून दुपारची सुटी, कामावर पिण्याचे पाणी आणि सावली हे मालकाचे उपकार नाहीत. जगण्याची ती किमान अट आहे. जी अक्कल टिटवीला आहे ती मुकादमालाही असावी, असे मागण्यात गैर काय?

तळ्याकाठी झालेली तपासणी

आता आजीच्या प्रश्नाचा पहिला भाग. चालण्याने पोट भरत नाही हे खरे. पण त्या दोन फेऱ्यांत आमच्या वस्तीतल्या दोन माणसांचे दुखणे सापडले.

मागावरचे निवृत्त काका आमच्याबरोबर होते. रुईच्या फुलांवर एक शिंजीर बारीक आवाजात चिवचिवत होता. मुले म्हणाली, "काका, ऐका ना." काकांना काही ऐकू येईना. आधी वाटले, लक्ष नाही. मग वेडा राघू, मग आणखी एक बारीक आवाज. मुलांना सगळे ऐकू येत होते, काकांना एकही नाही. टिटवीचे मात्र स्पष्ट ऐकू येत होते. आयुष्यभर यंत्रमागाच्या खडखडाटात काढलेल्या माणसाचे कान असेच जातात. आधी बारीक, उंच आवाज जातात, मग हळूहळू बोलणे अस्पष्ट होते. घरचे म्हणत, "म्हाताऱ्याला मुद्दाम ऐकायचं नसतं." तपासणी झाल्यावर कळले की हट्ट नव्हता, बहिरेपण होते. गेलेले ऐकणे परत येत नाही. पण श्रवणयंत्राने फरक पडतो, आणि त्यांच्या मुलाने, जो आज मागावर आहे, कानात बोळे घालायला सुरुवात केली आहे.

दुसरा होता सहावीतला मुलगा. सगळ्यांना पाण्यातले बदक दिसत होते, त्याला "पांढरं काहीतरी" दिसत होते. शाळेत फळा दिसत नाही म्हणून तो मागे पडला होता आणि त्याला "ढ" म्हणत. त्याला चष्म्याची गरज होती. मुलांच्या नजरेबद्दल डॉक्टर एक गोष्ट ठामपणे सांगतात, की जी मुले रोज दोनेक तास घराबाहेर उजेडात असतात, त्यांना लांबचे न दिसण्याचा चष्मा लागण्याचा धोका कमी असतो. आपली मुले दहा बाय दहाच्या खोलीत मोबाईलवर डोळे खुपसून असतात. त्यांना बाहेर काढायला काहीतरी कारण हवे. "चल, पाखरं मोजू" हे कारण फुकट आहे.

मोठ्यांसाठी हिशेब आणखी सोपा आहे. आठवड्याला १५० मिनिटे झपझप चालावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. दिवसभर मांडी घालून विड्या वळणाऱ्या, तंबाखूची धूळ नाकातोंडात घेणाऱ्या बायांच्या पाठीला, गुडघ्यांना, छातीला मोकळ्या हवेतल्या चालण्याची किती गरज आहे, हे त्यांनाच विचारा. भगवान बुद्धांनी भिक्खूंना चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले आहेत. प्रवासाची ताकद येते, मेहनतीची ताकद येते, रोग कमी होतात, खाल्लेले पचते आणि मिळवलेली एकाग्रता टिकते. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा सल्ला आजच्या डॉक्टरांच्या सल्ल्याशी जुळतो.

रान आपले नव्हते काय?

आजीच्या बोलण्यात आणखी एक गोष्ट आहे, ती उघड बोलली पाहिजे. आपल्या मागच्या पिढ्यांना रान चांगले माहीत होते. गावाची शीव, वाटा, पाणवठे, कोणत्या ओढ्यात लांडगा उतरतो, कुठल्या बांधावर घोणस असते, हे त्यांना तोंडपाठ होते. पण ते ज्ञान हौसेचे नव्हते. रात्री-अपरात्री शिवेवर जागणे, सांगावा घेऊन कोसभर पळणे, मेलेली ढोरे ओढणे, या वेठीतून ते आले होते. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी सांगितले आणि आपल्या माणसांनी मेलेल्या ढोराचे मांस आणि ती लाचारी सोडली. ती सोडली म्हणून आपण इथवर आलो. म्हणून घरातली मोठी माणसे मुलांना सांगतात, "रानात काय आहे? शिकून खुर्चीवर बस."

हे आम्हाला समजते. पण वेठ सोडायची होती, रान सोडायचे नव्हते. महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ ला ओंजळभर पाणी घेतले गेले, ते नुसती तहान भागवायला नव्हते. सार्वजनिक पाण्याच्या काठावर माणूस म्हणून उभे राहण्याचा हक्क त्यातून सांगितला गेला. आज गळ्यात दुर्बीण घालून तळ्याकाठी फिरणे हा सुखवस्तूंचा छंद समजला जातो. आपली पोरे त्याच काठाला गेली तर "काय रे, काय चोरायला आलात?" असे विचारणारेही भेटतात. वही-पेन घेऊन आपली मुलगी तळ्याकाठी उभी राहते, तेव्हा ती त्याच हक्काने उभी असते. तिला तिथे कोणी चाकर म्हणून पाठवलेले नाही. ती अभ्यास करायला आली आहे.

नोंद नसेल तर कुणी विचारत नाही

वही का, नुसते पाहिले तर चालणार नाही का? नाही चालणार. एक मोठे उदाहरण घ्या. गिधाडे आठवतात? चाळिशीच्या पुढच्या वाचकांनी गावाबाहेर गिधाडांचे थवे पाहिले असतील. १९९० नंतर ती झपाट्याने नाहीशी झाली. राजस्थानात भरतपूरला विभू प्रकाश हे शास्त्रज्ञ गिधाडांची घरटी वर्षानुवर्षे मोजत होते, म्हणून ही घट वेळेत लक्षात आली. पुढे कळले, की जनावरांना देण्यात येणारे डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध मेलेल्या ढोराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाते आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी होतात. २००६ साली जनावरांसाठीच्या या औषधावर बंदी आली. तोवर बहुतेक गिधाडे संपली होती.

याचा माणसाच्या आरोग्याशी काय संबंध? गिधाडे गेली, मेलेली ढोरे उघड्यावर सडू लागली, पाणी घाण झाले, मोकाट कुत्री वाढली, चावे वाढले, रेबीजचा धोका वाढला. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दोन अर्थशास्त्रज्ञांनी अंदाज मांडला, की गिधाडे नसल्यामुळे २००० ते २००५ या काळात भारतात दरवर्षी सुमारे एक लाख माणसे जास्त मेली. गावकुसाबाहेर, उकिरड्याशेजारी, नाल्याकाठी कोण राहतो हे वेगळे सांगायला नको. निसर्गाचे काही बिघडले, की पहिला फटका वस्तीला बसतो. मग पहिली नोंदही वस्तीनेच का करू नये?

आमचा छोटा अनुभव सांगतो. दुसऱ्या फेरीत तळ्याच्या एका कोपऱ्यात मेलेले मासे आणि पाण्यावर फेस दिसला. ते कशामुळे, हे आम्हाला माहीत नाही, म्हणून कुणावर बोट ठेवत नाही. पूर्वी आम्ही एका कार्यालयात असे तोंडी सांगायला गेलो होतो, तेव्हा "बघू" म्हणून बोळवण झाली होती. या वेळी मुलीच्या वहीतले पान, त्यावर तारीख, वेळ, जागा, किती मासे, बरोबर कोण होते, हे सगळे अर्जाला जोडले. अर्ज आवकमध्ये घेतला गेला, शिक्का मिळाला. प्रश्न सुटला असे म्हणत नाही. पण "बघू" आणि आवक क्रमांक यात मोठा फरक आहे. बाबासाहेब १९१९ साली साउथबरो समितीपुढे गेले ते हाती आकडेवारी घेऊन. ज्याची नोंद नाही ते कागदावर नसते, आणि कागदावर नसलेल्या वस्तीला नळही मिळत नाही.

माळाचेही तसेच आहे. सोलापूरपासून वीस-बावीस किलोमीटरवर नान्नजचे माळढोक अभयारण्य आहे. १९७९ साली ते झाले, तेव्हा सोलापूर आणि अहमदनगर जिल्ह्यांत मिळून त्याचे क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर होते. पुढे ते सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. ज्या माळढोकासाठी हे केले, तो आज तिथे दिसला तर बातमी होते. साऱ्या देशात फार थोडे माळढोक उरले आहेत. कारणे अनेक आहेत, पण एक मुळातले आहे. गवताळ माळाला आपण "पडीक" म्हणतो. काळवीट, लांडगा, खोकड, ससा, चंडोल तिथे राहतात, हे कागदावर येत नाही, म्हणून जमीन रिकामी समजली जाते. कुणीतरी राहते आहे आणि तरी जागा "रिकामी" ठरते, हा अनुभव वस्तीवाल्यांना नवा नाही.

बुद्ध पौर्णिमा आणि पाणवठ्यावरची मोजणी

फार थोड्या लोकांना ठाऊक आहे, की आपला सर्वांत मोठा सण आणि महाराष्ट्रातल्या वन्यप्राण्यांची मोजणी एकाच रात्री येते. वन विभाग दरवर्षी बुद्ध पौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यांजवळ मचाणे बांधून, पाणी प्यायला येणारे प्राणी मोजतो. नान्नजलाही ही गणना होते. कारण साधे आहे. वैशाखात बाकीचे पाणी आटलेले असते, म्हणून प्रत्येक प्राण्याला उरलेल्या पाणवठ्यावर यावेच लागते, आणि पूर्ण चंद्र असल्याने दिवा न लावता तो दिसतो. आता मोजणीची जास्त नेमकी साधने आली आहेत, त्यामुळे अनेक ठिकाणी या रात्रीला "निसर्गानुभव" म्हणतात आणि नावनोंदणी केलेल्या सामान्य नागरिकांना मचाणावर बसू देतात. त्या यादीत आपल्या वस्तीतली नावे असावीत, असे आम्हाला मनापासून वाटते.

आणि हे आपल्या परंपरेला नवीनही नाही. सम्राट अशोकाने राज्याभिषेकाला २६ वर्षे झाल्यावर कोरवलेल्या स्तंभलेखात, मारू नयेत अशा प्राण्यांची यादीच दिली आहे. तीत पोपट, मैना, चक्रवाक, हंस, वटवाघूळ, कासव, साळिंदर, खार अशी नावे आहेत. तो चक्रवाक हिवाळ्यात आजही आपल्याकडच्या तळ्यांवर उतरतो. दुसऱ्या एका शिलालेखात अशोकाने माणसांसाठी आणि जनावरांसाठी, दोघांसाठी औषधोपचाराची सोय केल्याचे सांगितले आहे. आपल्या होटगीवरून वाडीकडे जी रेल्वे जाते, त्या बाजूला भीमेकाठी सन्नती इथेही अशोकाचे लेख सापडले आहेत. माणसाचे आणि जनावरांचे आरोग्य एकत्र पाहणारा राजा आपल्या एवढ्या जवळ पोहोचला होता.

सोलापूरचेच मारुती चितमपल्ली यांनी वन खात्यात आयुष्य घालवले. आदिवासी, पारधी, मासेमार यांच्याकडून त्यांनी पाखरांची नावे गोळा केली आणि पुस्तकांत आणली. जून २०२५ मध्ये ते सोलापुरातच गेले. त्यांच्या आणि सलीम अलींच्या जन्मदिवसांना धरून राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळतात. त्यांचे काम सांगते, की पाखरांचे ज्ञान कष्टकऱ्यांच्या तोंडी होते. ते आता आपल्या मुलांच्या वहीत यायला हवे.

निघण्यापूर्वी हे वाचा

• पहाटे साडेपाच-सहाला निघा, साडेआठच्या आत घरी या. संध्याकाळी पाचनंतरही चालेल. गरोदर बाया, लहान मुले, बीपी-शुगर-हृदयाचे रुग्ण यांनी डॉक्टरांना विचारून आणि थोडेच चालावे.

• प्रत्येकी किमान एक लिटर पाणी. बायांसाठी आडोशाची जागा आधी पाहून ठेवा. "पाणी पिऊ नको" हा उपाय नव्हे.

• ओआरएस नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात साखर सहा सपाट छोटे चमचे, मीठ अर्धा चमचा. याहून जास्त मीठ नको.

• पायात चप्पल नको, बूट घाला. दगड उचलू नका, बिळात हात घालू नका. नाग, मण्यार, घोणस, फुरसे हे आपल्याकडचे चार मुख्य विषारी साप.

• साप चावला तर जागा कापू नका, विष चोखू नका, आवळून दोरी बांधू नका, मांत्रिकाकडे एक मिनिटही घालवू नका. हात-पाय हलू न देता, धीर देत लगेच सरकारी दवाखान्यात न्या. सापाच्या विषावरची लस तिथे मोफत असते.

• विंचू चावला आणि घाम फुटला, उलटी झाली, हात-पाय गार पडले, तर तेही तातडीचे आहे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाने हे मृत्यू टाळता येतात हे दाखवून दिले. पण दवाखान्यात वेळेत पोचले पाहिजे.

• कुत्रा चावला तर वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे जखम धुवा. हळद, चुना, मिरची लावू नका. लसीचा कोर्स पुरा करा, मधेच सोडू नका.

• मेलेल्या पाखराला हात लावू नका, पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. अंडी, पिल्ले उचलू नका, घरट्याजवळ जाऊन फोटो काढू नका. शिकार हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.

• घराबाहेर पाखरांसाठी परळात पाणी ठेवा. पण ते रोज ओतून, परळ घासून पुन्हा भरा. साचलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत डेंग्यूचा डास तयार होतो.

वहीत काय लिहायचे?

पंधरा रुपयांची वही पुरे. तारीख, वेळ, जागा, ऊन की ढग, बरोबर कोण. मग जीव कोणता, किती, काय करत होता. नाव माहीत नसेल तर वर्णन लिहा, चित्र काढा, घरच्या म्हातारीला विचारा. तिने सांगितलेले नाव जसेच्या तसे लिहा. ज्याच्याकडे स्मार्टफोन आहे त्याने ई-बर्ड या मोफत अ‍ॅपवर नोंद टाकावी, म्हणजे ती जगातल्या अभ्यासकांना दिसते. पाण्याचा रंग, वास, कचरा, मेलेले मासे हेही लिहा. आणि शेवटच्या पानावर माणसांचे लिहा. कोणाला दम लागला, कोणाला ऐकू आले नाही, कोणाला लांबचे दिसले नाही. ते पान आशाताईंना दाखवा.

आमचे म्हणणे एवढेच आहे. प्रत्येक वस्तीने उन्हाळ्यात निदान तीन फेऱ्या कराव्यात. एक १४ एप्रिलनंतरच्या पहिल्या रविवारी, एक बुद्ध पौर्णिमेच्या पहाटे, आणि एक पहिल्या पावसानंतर, पावशा ओरडू लागला की. होटगीसारखे तळे जवळ नसेल तर ओढा, माळ, शाळेमागची बाभळ, काहीही चालेल. वही विहारात ठेवावी, म्हणजे पुढच्या वर्षीच्या मुलांना मागचे पाहता येईल.

आणि आमच्या आजीचे सांगायचे राहिले. त्या फेरीला आल्या नाहीत. पण वहीत एका पाखराचे नाव अडले, तेव्हा मुलीने त्यांना वर्णन सांगितले. करड्या रंगाचे, जमिनीवर पळणारे, मध्येच सरळ वर उडून गाणारे आणि दगडासारखे खाली येणारे. आजी पटकन म्हणाल्या, "अगं, चंडोल तो!" मग तासभर त्या बोलत राहिल्या. त्यांच्या वडिलांनी शिवेवर जागताना काय काय पाहिले, ते सगळे. मुलगी लिहीत राहिली. आजीच्या तोंडचे असे पहिल्यांदाच कुणी कागदावर उतरवले होते.